तोच वडा, दोन राज्यांतली दोन बिलं: एका किराणा दुकानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतल्या एका मराठी कुटुंबाच्या दुकानाचं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं आणि गावं काढली आहेत, विक्रीचे आकडे थोडे गोल केले आहेत. राज्यं, कौंटी (राज्यातला जिल्हा) आणि कायदे मात्र आहेत तसेच ठेवले आहेत, कारण सगळी गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे. या कुटुंबाचे हिशेब मी पाहते. जे चुकलं त्यात माझाही वाटा होता, तो पुढे येईल.

मूळ दुकान न्यू जर्सीत. पुढच्या बाजूला किराणा, भाजी आणि फ्रोजन माल. मागे गरम काउंटर: बटाटेवडा, समोसा, साबुदाणा खिचडी, शनिवार-रविवारी मिसळ. मालकांना सगळे मामा म्हणतात. नऊ वर्षांत त्यांनी एकही रिटर्न उशिरा भरलेलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी नॉर्दर्न व्हर्जिनियात, फेअरफॅक्स कौंटीत दुसरं दुकान उघडलं आणि ते चालवायला भाच्याला पाठवलं. माल तोच, स्वयंपाकी याच घरात शिकलेला, भावसुद्धा जवळपास तेच.

न्यू जर्सीत सेल्स टॅक्सचा दर ६.६२५ टक्के आहे, १ जानेवारी २०१८ पासून. तांदूळ, डाळ, पीठ, भाजी, दूध यांवर टॅक्स नाही. चॉकलेट-गोळ्यांसारख्या कँडीवर आहे, सॉफ्ट ड्रिंकवर आहे आणि तयार खाण्यावर आहे. आता तयार खाणं म्हणजे काय? दुकानदाराने गरम करून दिलेलं, किंवा दोन वा जास्त जिन्नस एकत्र करून बनवलेलं, किंवा चमचा-काट्यासकट दिलेलं. यात एक सूट आहे. थंड पदार्थ वजनावर विकला आणि सोबत चमचा, काटा, प्लेट काही दिलं नाही, तर तो तयार खाणं ठरत नाही.

म्हणजे एकच ढोकळा. पाव किलो तोलून डब्यात घालून दिला तर टॅक्स शून्य. तोच ढोकळा प्लेटमध्ये काट्यासकट दिला तर ६.६२५ टक्के. मामांच्या रजिस्टरवर, म्हणजे बिलाच्या मशीनवर, यासाठी दोन बटणं होती, ‘चमच्यासह’ आणि ‘चमच्याशिवाय’. काउंटरवरच्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवलं जायचं. मिठाईतही असाच बारकावा आहे. कँडीच्या व्याख्येतून पीठ घातलेले पदार्थ वगळले आहेत, आणि ते पीठ लेबलवर लिहिलेलं असावं लागतं. त्यामुळे शेंगदाणा-गुळाची चिक्की ही कँडी, तिच्यावर टॅक्स. शेजारच्याच फळीवरच्या सोनपापडीच्या लेबलवर बेसन आणि मैदा असतो, म्हणून ती सुटते.

हा सगळा तपशील नऊ वर्षांत एकेक करून रजिस्टरमध्ये बसवला गेला होता. सुमारे एकोणीसशे वस्तू, प्रत्येकीला टॅक्स कोड. ती यादी मामांचा अभिमान होती, आणि रास्त अभिमान होता.

पहिला निर्णय, जो निर्णय आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही

नवीन दुकानाचं रजिस्टर बसवायला आलेल्या माणसाने जुन्या दुकानाची फाइल जशीच्या तशी उतरवून घेतली आणि विचारलं, “इथला दर किती?”

मामांनी मला फोन केला. “ताई, व्हर्जिनियाचा सेल्स टॅक्स किती?”

मी म्हटलं, “नॉर्दर्न व्हर्जिनियात ६ टक्के.”

उत्तर बरोबर होतं. राज्याचे ४.३, स्थानिक १ आणि या भागाचे जादा ०.७, मिळून ६. त्या माणसाने जिथे जिथे ६.६२५ होतं तिथे ६ घातलं, आणि जिथे शून्य होतं तिथे शून्य राहू दिलं. मी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दर कशावर लागतो, हे मामांनी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. माझी चूक नेमकी इथे झाली.

अडचण

व्हर्जिनियात महिन्याचं रिटर्न पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं असतं. नोव्हेंबरच्या मध्यावर भाचा ऑक्टोबरचे आकडे भरायला बसला आणि त्याने मला फोन केला.

“मावशी, इथे खाद्यपदार्थांच्या विक्रीला वेगळी जागा आहे, कमी दराची. आपल्या रिपोर्टमध्ये कमी दराचं काहीच नाही. एक तर शून्य, नाही तर सहा.”

व्हर्जिनियात किराणा टॅक्समुक्त नाही, त्यावर १ टक्का लागतो. पूर्वी अडीच टक्के लागायचा. १ जानेवारी २०२३ पासून राज्याने आपला दीड टक्का सोडला, पण कौंटी आणि शहरांचा १ टक्का तसाच राहिला. आम्ही दीड महिना तांदूळ-डाळीवर एक सेंटही घेतला नव्हता.

मामांना हे पटेना. “अमेरिकेत किराण्यावर टॅक्स नसतो, ताई.” नऊ वर्षं एकाच राज्यात धंदा केलेल्या माणसाचा तसा समज होणं साहजिक आहे. बहुतेक राज्यांत खरंच नसतो. नदीपलीकडे मेरीलँडमध्ये नाही, वॉशिंग्टन डीसीत नाही. पण टेनेसीत राज्य आजही किराण्यावर ४ टक्के घेतं, वर स्थानिक टॅक्स वेगळा. मिसिसिपीत ७ टक्के होता, तो १ जुलै २०२५ ला ५ झाला. कॅन्ससने आपला हिस्सा टप्प्याटप्प्याने कमी करत १ जानेवारी २०२५ ला शून्यावर आणला. ओक्लाहोमाने राज्याचा साडेचार टक्के ऑगस्ट २०२४ मध्ये काढला, पण शहरांचे टॅक्स चालूच राहिले. पोटाच्या वस्तूंवर टॅक्स लावला की ज्याची कमाई कमी त्याच्या खिशाला तो जास्त टोचतो, म्हणून राज्यं तो कमी करत आली आहेत. शहरांना आणि कौंट्यांना मात्र शाळा, रस्ते त्याच पैशावर चालवायचे असतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी तळाशी एखाद-दोन टक्के शिल्लक राहतात. आमचा एक टक्का त्यातलाच.

दुसरी चूक उलट्या दिशेची होती. व्हर्जिनियाची ‘खाद्यपदार्थ’ ही व्याख्या केंद्र सरकारच्या फूड स्टँपच्या, म्हणजे गरिबांना खाद्यपदार्थांसाठी मदत देण्याच्या, कायद्यावरून घेतलेली आहे, आणि त्या व्याख्येत कँडी आणि सॉफ्ट ड्रिंकही खाद्यपदार्थच आहेत. म्हणजे चिक्कीवर १ टक्का घ्यायचा होता. आम्ही ६ घेत होतो.

तिसरी गोष्ट चमच्याची. व्हर्जिनिया आधी विचारतं: पदार्थ गरम आहे का? तिथेच बसून खाणार का? ढोकळा थंड असेल आणि घरी न्यायला बांधून दिला असेल, तर १ टक्का. दुकानात बसून खाल्ला, तर पूर्ण दर. इथे आमचं ‘चमच्यासह’ बटण चुकीचा प्रश्न विचारत होतं. घरी न्यायच्या थंड पार्सलबरोबर कुणी सौजन्याने काटा टाकला की रजिस्टर ६ टक्के लावायचं.

आणि चौथी गोष्ट अजून घडायची होती. फेअरफॅक्स कौंटीने मे २०२५ मध्ये तयार खाण्यापिण्यावर ४ टक्क्यांचा स्वतःचा टॅक्स मंजूर केला होता, १ जानेवारी २०२६ पासून लागू होणारा. २०१६ मध्ये याच कौंटीच्या मतदारांनी असा टॅक्स मतपेटीतून नाकारला होता. पुढे राज्याचा कायदा बदलला आणि मतदान न घेता तो लावायची मुभा कौंट्यांना मिळाली. दुकानाची जागा घेताना मामांनी भाडं, पार्किंग, शेजारची शाळा सगळं पाहिलं होतं. हा टॅक्स तेव्हा वर्तमानपत्रात होता, आमच्या यादीत नव्हता.

समोरचे पर्याय

आकडे असे निघाले. १ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या काळात शून्य दराने गेलेला किराणा सुमारे ५७,००० डॉलर, म्हणजे न घेतलेला टॅक्स ५७० डॉलर. कँडी, सॉफ्ट ड्रिंक वगैरे सुमारे ५,२०० डॉलर, त्यावर ५ टक्के जास्त घेतले, म्हणजे २६० डॉलर. रक्कम मोठी नाही. पण हीच फाइल वर्षभर चालली असती आणि ऑडिटमध्ये सापडली असती, तर दंड आणि व्याज धरून चित्र फार वेगळं झालं असतं.

मामांचा पहिला विचार होता तो असा: “ताई, पाचशे सत्तर कमी घेतले, दोनशे साठ जास्त घेतले. वजा करा, तीनशे दहा भरतो. सरकारचंही नुकसान नाही, आपलंही नाही.”

यावर आम्ही जवळजवळ दोन तास बोललो, कारण मामा कंजूष नाहीत आणि त्यांचा मुद्दा वरवर पाहता बिनतोड वाटतो. मी नाही म्हटलं, त्याची कारणं दोन. एक कायद्याचं. व्हर्जिनियात टॅक्स म्हणून गिऱ्हाइकाकडून घेतलेला पैसा दुकानदाराकडे विश्वस्त म्हणून असतो. चुकून जास्त घेतला असेल तर तो ज्याचा त्याला परत केल्याचं दाखवावं लागतं, नाही तर राज्याला भरावा लागतो. तो दुकानाचा होत नाही. दुसरं कारण साधं. ज्या आजोबांनी चिक्कीवर पाच टक्के जादा दिले, त्यांच्या पैशातून दुसऱ्या कुणाच्या तांदळाचा टॅक्स का भरायचा?

भाच्याचं म्हणणं होतं की नोव्हेंबरच्या उरलेल्या दिवसांत दर दुरुस्त करावेत आणि मागचं सोडून द्यावं. रक्कम एवढी कमी आहे की कुणी विचारणार नाही. तो लबाडीने बोलत नव्हता. दुकान सहा आठवड्यांचं, रोज चौदा तास उभा, त्यात हे. पण त्याच्या हातात ऑक्टोबरचं रिटर्न अजून न भरलेलं होतं. चूक कळल्यानंतर चुकीचा आकडा सही करून पाठवणं ही आधीच्या चुकीपेक्षा वेगळी गोष्ट झाली असती. मी एवढंच म्हटलं, आणि तो गप्प झाला.

गिऱ्हाइकांकडून मागचा एक टक्का मागणं हा पर्याय कुणी गंभीरपणे घेतला नाही.

काय केलं

त्याच रात्री दुकान बंद झाल्यावर किराण्याचा अख्खा गट शून्यावरून १ टक्क्यावर आणला. अपवाद नंतर बघू असं ठरवलं. एकोणीसशे वस्तू एकेक तपासायला आठवडा लागणार होता, आणि तोवर रोज बाराशे-तेराशे डॉलरचा किराणा चुकीच्या दराने गेला असता. आधी मोठं भोक बुजवलं. अगरबत्ती, समया, तांब्याची भांडी आधीपासून पूर्ण दरावर होती, तिथे हात लावायची गरज पडली नाही.

मग आठवडाभर भाचा आणि मी फोनवर बसून यादी पुन्हा लावली. ‘चमच्यासह’ बटण काढून टाकलं. त्याऐवजी ‘गरम’, ‘इथे खाणार’ आणि ‘थंड पार्सल’ अशी तीन बटणं केली. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात काउंटरवरच्या मुलांना गिऱ्हाइकाला विचारायची सवय लावायला तीन आठवडे गेले, आणि गर्दीच्या वेळी अजूनही चूक होते.

ऑक्टोबरचं रिटर्न खऱ्या आकड्यांनी भरलं. किराण्याची विक्री कमी दराच्या ठिकाणी दाखवली आणि न घेतलेला टॅक्स दुकानाच्या खिशातून भरला. नोव्हेंबरचंही तसंच. जास्त घेतलेल्या २६० डॉलरसाठी दारावर मराठीत आणि इंग्रजीत सूचना लावली: या तारखांच्या पावत्या आणा, फरक घेऊन जा. ज्यांचे फोन नंबर सवलतीच्या कार्डामुळे नोंदलेले होते त्यांना निरोप पाठवले. ५८ डॉलर परत गेले. उरलेले २०२ राज्याला भरले. एक बाई ३५ सेंट घ्यायला आल्या आणि दीडशे डॉलरचं सामान घेऊन गेल्या, हे भाच्याने मला खास फोन करून सांगितलं.

कौंटीच्या टॅक्सचं काम डिसेंबरमध्ये केलं. इथे पत्त्याचा घोळ समोर आला. या भागात टपालाच्या पत्त्यावर हर्नडन किंवा व्हिएन्ना अशा टाउनचं, म्हणजे छोट्या शहराचं, नाव लिहिलेलं असतं, पण इमारत त्या टाउनच्या हद्दीत असेलच असं नाही. टाउनच्या हद्दीत असाल तर तिथला स्वतःचा मील्स टॅक्स, म्हणजे तयार खाण्यावरचा टॅक्स, वेगळ्या दराचा. हद्दीबाहेर असाल तर कौंटीचा ४ टक्के. भाच्याने शेजारच्या दुकानदाराला विचारून दर ठरवायचा बेत केला होता. मी त्याला कौंटीच्या नकाशावर इमारत शोधायला लावली. पत्ता टाउनचा, जमीन कौंटीची निघाली. हा टॅक्स राज्याच्या रिटर्नबरोबर जात नाही. कौंटीकडे वेगळी नोंदणी करून वेगळा भरावा लागतो. ती नोंदणी २२ डिसेंबरला झाली.

शेवटचा प्रश्न भावाचा. गरम काउंटरवर आता ६ अधिक ४, म्हणजे १० टक्के. सहा डॉलरच्या वड्याच्या प्लेटवर न्यू जर्सीत ४० सेंट, इथे डिसेंबरपर्यंत ३६, जानेवारीपासून ६०. मामांना वाटत होतं की भाव थोडा कमी करून जुनाच गोल आकडा ठेवावा. भाचा म्हणाला, टॅक्स पावतीवर वेगळ्या ओळीत दिसू दे, लोकांना कळू दे की हा आपण वाढवलेला नाही. मी भाच्याच्या बाजूने होते. वड्यावर सुटणारा नफा पातळ असतो. त्यातून चार टक्के आपण सोसायचे म्हणजे तेलाचा भाव वाढला की काउंटर तोट्यात. शेवटी वेगळी ओळ ठेवली.

काय निष्पन्न झालं

दोन्ही रिटर्न वेळेत गेली. खिशातून गेलेले ५७० डॉलर आणि माझे-भाच्याचे बरेच तास, हा खर्च. जानेवारीत गरम काउंटरची विक्री थोडी उतरली, पण जानेवारीत ती न्यू जर्सीतही उतरते, म्हणून टॅक्सवर खापर फोडायला मी तयार नाही. थंड पार्सलची विक्री मात्र स्पष्ट वाढली. लोक ढोकळा, कोथिंबीर वडीचे थंड उंडे, पुरणपोळी घरी नेऊ लागले. घरी न्यायच्या थंड खाद्यपदार्थांवर कौंटीचा हा ४ टक्क्यांचा टॅक्स नाही, किराण्याचा १ टक्का तेवढा.

भाचा लगेच म्हणाला, “मग सँडविचही थंड बांधून ठेवूया.” तिथे त्याला थांबवावं लागलं. या टॅक्सच्या कायद्यात काही पदार्थ नाव घेऊन आत ओढले आहेत, घरी नेले तरीही: सँडविच, सॅलड बारवरचे पदार्थ, एका माणसापुरतं पॅक केलेलं भाज्यांचं सॅलड, आणि कारखान्यात सीलबंद न झालेली पेयं. चटणी-काकडीचं सँडविच फ्रिजमध्ये कितीही थंड केलं तरी चार टक्के लागणार. तेच सारण पोळीत गुंडाळलं तर काय, हा प्रश्न भाच्याने विचारला. मी त्याला ती वाट न धरण्याचा सल्ला दिला. टॅक्स चुकवण्यासाठी पदार्थाचा आकार बदलायला लागलो की रोज कायद्याशी भांडत बसावं लागतं.

राज्याच्या नियमातली आणखी एक रेघ त्याला दाखवून ठेवली आहे. ज्या दुकानाच्या एकूण विक्रीत स्वतः बनवलेल्या, तयार खाण्याचा वाटा ८० टक्क्यांपेक्षा जास्त होतो, त्याला खाद्यपदार्थांवरचा कमी दर मिळत नाही. आमचा वाटा २२ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे धोका दूर आहे. पण उद्या किराणा आवरता घेऊन उपाहारगृह वाढवायचं ठरलं तर हा आकडा आधी पाहायचा.

आज पुन्हा करायचं तर

फाइल उतरवून घेणं चुकीचं नव्हतं. वस्तूंची नावं, भाव, बारकोड पुन्हा भरण्यात काही शहाणपण नव्हतं. टॅक्सचा रकाना तेवढा कोरा ठेवून उतरवायला हवा होता. रकाना कोरा असता तर रजिस्टरने पहिल्याच गिऱ्हाइकाला अडवलं असतं आणि आम्ही त्याच दिवशी विचारात पडलो असतो. भरलेला, पण दुसऱ्या राज्याचा रकाना दीड महिना मुकाट चालला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दहा वस्तूंची खोटी बिलं काढायला हवी होती: तांदूळ, चिक्की, सोनपापडी, कोल्ड्रिंक, सोलकढी, थंड ढोकळा, गरम समोसा, सँडविच, अगरबत्ती आणि बसून खाल्लेली मिसळ. या दहांचे दर राज्याच्या आणि कौंटीच्या नियमांशी हाताने ताडून पाहिले असते तर चारही गोष्टी एका तासात दिसल्या असत्या. आता ही यादी दोन्ही दुकानांत रजिस्टरजवळ चिकटवलेली आहे आणि दर १ जानेवारीला आणि १ जुलैला पुन्हा चालवली जाते, कारण बरेच बदल या दोन तारखांना लागू होतात.

माझ्याकडून काय वेगळं व्हायला हवं होतं ते मी वर लिहिलं आहे. आता कुणी “दर किती?” विचारलं की मी आधी इमारतीचा पूर्ण पत्ता मागते आणि काय विकणार ते विचारते.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. सोलकढी पेल्यात ओतून दिली तर चार टक्के, यात शंका नाही. भाचा ती दुकानातल्या स्वयंपाकघरात बाटलीत भरून झाकण घट्ट लावून ठेवतो. ती ‘कारखान्यात सीलबंद’ धरायची का? आम्ही कौंटीकडे लेखी विचारणा केली आहे. तोंडी उत्तरावर भाचा दर बदलायला तयार होता, मी नव्हते. लेखी उत्तर येईपर्यंत बाटलीवरही चार टक्के घेतो आहोत आणि त्या विक्रीची वेगळी नोंद ठेवतो आहोत, म्हणजे परत करायची वेळ आली तर कुणाचे किती ते सापडेल.